जिझोचं लाळेरं

प्रिय हात्सुए ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. डोंगरावरच्या देवळाशेजारी आम्ही सुखरूप उतरलो आहोत. थंडी फार आहे, पण तू विणलेला स्वेटर पुरतो. तुझा गुडघा कसा आहे?

तू दिलेल्या लाल कापडाचं लाळेरं मी शिवलं. सकाळी ते मुलांना सांभाळणाऱ्या जिझोच्या गळ्यात, आमच्या गेलेल्या बाळाच्या नावानं बांधलं. तासाभरात यांच्या कॅमेरा क्लबची मंडळी आली. फोटोत पानं पडताना दिसावीत म्हणून एकानं मेपलची फांदी गदागदा हलवली. मला शिसारीच आली. दुसऱ्यानं तर लाळेरं सोडून चिखलात टाकलं.

"अहो, देवाचं आहे ते!" मी ओरडले.

"वहिनी, लाल पानांत लाल कापड उठत नाही हो. जरा बाजूला व्हा, ऊन जाईल!"

हे माझ्या शेजारीच उभे होते. फोटो काढत राहिले.

लाळेरं तीनदा धुतलं. त्यावरचा बुटाचा ठसा जात नाही. कुणाचा ते मी ओळखलं, कारण त्या बुटांचे तळ मीच घासते. यांना अजून बोलले नाही.

लाल कापड उरलं असेल तर पाठव. पुन्हा बांधायला मी एकटीच येणार आहे.

गुडघ्याला शेक दे. जिझो तुझं रक्षण करो.

तुझी,
किनुयो