गुन्हेगारी, पुरुष आणि आमचा कूलर

१३ एप्रिल
नांदेडच्या चर्चासत्रासाठी विषय पक्का केला: स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी गुन्हे का करतात. मुद्दे तयार आहेत. मुलींना लहानपणापासून वळण लावतात, घराचा पहारा असतो, बाहेर संधी मिळत नाही. रोज दोन पानं लिहायची. उद्यापासून.

१७ एप्रिल
एक ओळही नाही. दोष माझा नाही, लातूरच्या उन्हाचा. कूलर दिवसभर लावू नका, बिल फुगतं, असं माझी बायको सत्यशीला म्हणते. घर तिच्या नावावर, मीटरही. (बाईच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात सवलत. मी पुरोगामी आहेच, पण सवलतही होती.) शेजारचे अमृतराव म्हणाले, सर, तार तुमच्या गच्चीला घासून चाललीय, आकडा टाका की, आख्खी गल्ली टाकून राहिली. मी ठाम नकार दिला. समाजशास्त्राचा प्राध्यापक आहे मी.

१८ एप्रिल, दुपार
टाकला.
आधी मनाला बरेच प्रश्न विचारले. सगळ्यांची उत्तरं समाधानकारक आली. ही चोरी नव्हे. संशोधनाला समाजाचा हातभार. तोही निबंधापुरता. सत्यशीला म्हणाली, आधी काढा ते. तिची भीती म्हणजे माझ्या पहिल्या मुद्द्याचा जिवंत पुरावा! टिपून ठेवलं.

२५ एप्रिल
गार हवेत झोप फार छान लागते. लेखन उद्यापासून.
सत्यशीलाची नांदेडला मुलींच्या वसतिगृहात अधीक्षक म्हणून निवड झाली. आता पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आला की झालं. नोकरी करायचं ती लग्नापासून म्हणत होती. मी कधीच अडवलं नाही. फक्त दरवेळी, ही वेळ योग्य नाही, एवढंच म्हणत आलो.

५ मे
वीज कार्यालयाचं पथक आलं. इंजिनीअर बुद्धप्रिया मॅडम थेट गच्चीवर. मीटर कुणाच्या नावावर, विचारलं. सत्यशीलाच्या. मग गुन्हाही त्यांच्याच नावावर, म्हणाल्या. परवा पंचनामा.
मी बोलायला तोंड उघडलं होतं. पण नेमकं आठवलं की कायदा बायकांशी सौम्य वागतो, असं एक मत आहे. तिला समज देऊन सोडतील. माझ्यावर आलं तर कॉलेजची चौकशी समिती. सबंध कुटुंबाच्या हिताचा विचार करून गप्प बसलो. मॅडम मात्र जराही सौम्य वाटल्या नाहीत. अपवाद असतील.

६ मे
सत्यशीला एवढंच बोलली: गुन्हा नोंदला की दाखला गेला, दाखला गेला की नोकरी गेली, हाय का ध्यानात? मी समजावलं, कबुली देणारच आहे, पण निबंध वाचून झाल्यावर. नाहीतर लोक पूर्वग्रहानं ऐकतील. ती गच्चीवर जाऊन आकड्याचा बांबू बघून आली. मग हसली. समजूतदार बाई.

७ मे
पंचनामा. लाइन बंद केलेली, गल्ली गोळा झालेली. मॅडमनी विचारलं, आकडा टाकला कुणी? सत्यशीला म्हणाली, लिहा माझंच नाव. यांच्याकडून कुठं व्हायलंय मॅडम? यांना बल्ब बदलता येत न्हाई, स्टुलावर चढले की पाय लटलटा कापतेत.
मॅडम हसल्या. लाइनमन हसला. अमृतरावसुद्धा हसले, स्वतःचा आकडा पहाटेच उतरवून आलेला माणूस!
चारचौघांत हे? मी बांबू उचलला. पहिल्याच झटक्यात वायर नेमकी तारेवर. टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, हात सरावाचा दिसतो सर. मी म्हणालो, रोज संध्याकाळी काढतो, सकाळी लावतो, अमृतरावांना विचारा. लाइनमन मोबाइलवर शूटिंग करत होता. त्याच्यासाठी एकदा सावकाश करून दाखवलं. सत्यशीलाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी लग्नानंतर प्रथमच पाहिलं.
मॅडमनी पूर्ण नाव विचारलं. पदवीसकट सांगितलं.

३० मे
सत्यशीलाला दाखला मिळाला, सकाळच्या एसटीनं नांदेडला गेली. प्राचार्य म्हणाले, चर्चासत्राला तुम्ही जाऊ नका, तुमचा व्हिडिओ तिकडं आधीच पोचलाय.
हरकत नाही. विषय बदलला आहे: पुरुष जास्त गुन्हे का करतात. दुपारपासून कागद पुढ्यात घेऊन बसलोय. एकही कारण सुचलेलं नाही.