पार्व्होचा माग

५ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प पाच दिवस उशिरा करतोय, कारण घाईत केलेले टिकत नाहीत. एक, पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूवरचा पेपर या वर्षी छापून आणायचाच. दोन, रोज लिहायचं. तीन, नानांशी रोज थोडं तरी बोलायचं. आई गेल्यापासून घरात आम्ही बाप-लेक दोघंच, आणि दोघंही गप्प. मला तसं काही वाटत नाही. लॅबमध्ये काम भरपूर आहे.

ताई आज न विचारता कुत्र्याचं पिल्लू आणून ठेवून गेली. म्हणे नानांना सोबत. नानांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं, कारण ते सगळ्यांवर देखरेख करतं आणि स्वतः काडीचं काम करत नाही. हे सांगताना ते माझ्याकडे का बघत होते, कळलं नाही.

जाताना ताईने बजावलं की लस लगेच टोचून घे. मी म्हटलं, घरात पार्व्होचा तज्ज्ञ असताना तू कशाला काळजी करतेस?

९ जानेवारी
प्रोजेक्ट मिळाला. शहरात एका श्वानगृहातली पिल्लं पटापट मरतायत. उलट्या, रक्ताचे जुलाब, दोन-तीन दिवसांत खेळ खलास. हा पार्व्हो कुठून कुठे पसरतोय आणि वाटेत कसा बदलतोय, ते मी शोधायचं. गावभर फिरून पिल्लांच्या शीचे नमुने आणायचे, त्यातल्या विषाणूची जनुकीय अक्षरं वाचायची, कोणाची कोणाशी जुळतात ते बघून वंशावळ मांडायची. थोडक्यात सोयरीक जुळवण्याचं काम. फक्त सोयरे शीत सापडतात.

साहेब म्हणाले, जिथे रोग नाही तिथलेही नमुने आणा, तुलनेसाठी. आणि गमबूट विसरू नका. मला सांगतायत! प्रत्येक ठिकाणाहून निघताना गमबूट ब्लीचच्या पाण्यात बुडवायचे हा नियम मीच लिहिलाय. हा विषाणू साबणाला दाद देत नाही आणि मातीत महिनोन्महिने तग धरतो, हेही खाली लिहिलंय. लॅमिनेट करून भिंतीवर लावलंय.

१३ जानेवारी, संध्याकाळ
श्वानगृहाचे नमुने आणले. गमबुटांनी टाचा सोलल्या. ब्लीच उडून तपकिरी पँटवर पांढरे डाग पडले. पँट नवी होती.

उद्यापासून साधे बूट. नियम मुळात कुत्र्यांना हात लावणाऱ्यांसाठी आहे. मी नुसता नमुना उचलतो. शिवाय चवड्यांवर चालतो.

१७ जानेवारी
सकाळी श्वानगृह, तिथून तसाच स्कूटरवर पिल्लं विकणाऱ्या ब्रीडरकडे, मग पहाऱ्याच्या कुत्र्यांच्या ट्रेनिंग सेंटरला. श्वानगृहात हाहाकार. बाकी दोन्हीकडे पिल्लं ठणठणीत, उड्या मारतायत. तुलनेसाठी उत्तम.

मुकादमची लस आणून फ्रिजमध्ये ठेवली. अर्धं काम झालं.

१८ जानेवारी
रविवार. लस टोचणार होतो, पण मुकादम इतका गाढ झोपला होता की उठवणं जिवावर आलं.

२४ जानेवारी
कमाल झाली. ब्रीडरकडे रोग सुरू. ट्रेनिंग सेंटरलाही. मी गेलो तेव्हा मागमूस नव्हता, आठवड्याच्या आत हजर. म्हणजे मी रोगाच्याही आधी पोचतो. असं नाक शिकवून येत नाही.

नकाशा भिंतीवर लावून लाल ठिपके चिकटवले. लांबूनही छान दिसतो.

२९ जानेवारी
नानांशी बोललो. आज गार आहे म्हणालो. ते हो म्हणाले.

मुकादमला माझ्या बुटांचं भारी वेड. कामावरून आलो की धावत येतो, नाडी चावतो आणि बुटात तोंड खुपसून झोपतो. विज्ञानाची ओढ उपजत असावी लागते. नानांनी विचारलं, लस टोचलीस का? मी म्हटलं, या रविवारी.

२ फेब्रुवारी
काल रविवार होता हे आज लक्षात आलं.

६ फेब्रुवारी
अक्षरं वाचून झाली. सीक्वेन्सिंग करणारी बाई माझ्यापेक्षा ज्युनियर, पण बोलायला सीनियर. ती म्हणाली, तिन्ही ठिकाणचा विषाणू हुबेहूब एक आहे, एका अक्षराचाही फरक नाही. कुत्र्यातून कुत्र्यात, गल्लीबोळांतून फिरत गेला असता तर कुठेतरी एखादं अक्षर बदललं असतं.

मी म्हटलं, म्हणजे नवा, भलताच वेगवान प्रकार. नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा असतो, याची तिला आठवण करून दिली. तिने नकाशावरच्या ठिपक्यांवरून एकेक करत बोट फिरवलं. मग म्हणाली, "सर, या सगळ्या जागी एकच कोणीतरी जाऊन आलंय."

एकदम पटलं. सगळीकडे कुत्र्यांचं खाद्य पोचवणारा टेम्पोवाला! तिला म्हटलं, आता बघ, त्याचा कसा छडा लावतो. ती "काखेत कळसा" असं काहीतरी पुटपुटली. साहेबांबद्दल असावं.

१० फेब्रुवारी
टेम्पोवाल्याची चौकशी केली. टेम्पो डिसेंबरपासून गॅरेजात, इंजिन उतरवलेलं. तो स्वतः पाय प्लास्टरमध्ये घालून घरी पडून आहे. संशय बळावला. निर्दोष माणसाकडे इतका भक्कम पुरावा कशाला असेल?

पुरावा गोळा करायला पुन्हा श्वानगृहात गेलो. आता तिथे आवाजच नाही. रिकामे पिंजरे धुवायचं काम चालू होतं. पिंजरे धुणाऱ्या बाईंनी विचारलं, साहेब, काही कळलं का? मी म्हटलं, जवळ आलोय.

थेट घरी आलो. मुकादम दारातच.

१२ फेब्रुवारी
लॅबला जायला निघालो होतो. आतल्या खोलीत नाना मुकादमशी बोलत होते. आईबद्दल. ती भाजी निवडताना गुणगुणायची, आणि मी आलो की गप्प व्हायची, कारण मी अभ्यास करत असायचो. नाना इतकं बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. दाराबाहेर उभा राहून ऐकलं. मग आत जाऊन स्कूटरची किल्ली कुठे आहे विचारलं, आणि ते बोलायचे थांबले.

लस मात्र या रविवारी. नक्की.

१५ फेब्रुवारी
रविवार. परिषदेसाठी पोस्टर करायचं होतं. त्यात माझा फोटो कुठे घालायचा, यात दिवस गेला.

१६ फेब्रुवारी
मुकादम जेवला नाही. नाना म्हणतात, मलूल आहे. मी म्हटलं, हवा बदलतेय.

१७ फेब्रुवारी
उलट्या. नानांनी मला पहाटे उठवलं. वास ओळखीचा होता. दोघं रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो. मुकादम नानांच्या शालीत होता. डॉक्टरांनी विचारलं, लस झाली होती का? नानांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आणून ठेवली होती.

१९ फेब्रुवारी
सलाइन चालू आहे. नाना दवाखान्याच्या बाकावरून हलत नाहीत. मी डबा नेला. मुकादमने शेपूट थोडी हलवली. आवश्यक म्हणून नमुना घेतला आणि लॅबमध्ये दिला.

२० फेब्रुवारी
मुकादम गेला, दुपारी. मी लॅबमध्ये होतो. फोन ताईने केला. तिने नुसतं सांगितलं आणि ठेवला. पोस्टरचं अर्धं काम बाकी होतं, ते पूर्ण केलं.

घरी आलो तर दारात कोणी आलं नाही. पुष्कळ वेळ बूट काढायचं सुचलं नाही.

२७ फेब्रुवारी
मुकादमचा रिपोर्ट आला. तोच विषाणू. एका अक्षराचा फरक नाही. सीक्वेन्सिंगच्या बाईंनी कागद माझ्या टेबलावर उलटा ठेवला आणि निघून गेल्या. असं त्या कधी करत नाहीत.

घराचा ठिपका नकाशावर लावायला घेतला. टेम्पोवाला आमच्याकडे येत नाही. नाना एरवी जिना उतरत नाहीत. मुकादमला आम्ही उंबरठ्याबाहेर सोडलंच नव्हतं. आत-बाहेर करणारा घरात एकच माणूस आहे. ठिपका बोटाला चिकटून राहिला. साहेबांना सांगितलं, पोस्टर यंदा नको. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, डेटा अपुरा आहे.

रात्री जेवायला बसलो. नानांनी विचारलं, "कळलं का रे, त्याला कुठून झालं ते?"

मी म्हटलं, अजून नक्की सांगता येत नाही.

नाना म्हणाले, "शोधशील तू. तुझं कामच आहे ते."

आणि माझ्या ताटात भात वाढला. मी जेवलो.