स्क्रीनवरचा ओला ठिपका

सेनगाव, मंगळवार, दिवेलागण

नवा टच लॅपटॉप स्वस्तातला, फारच रखडत होता. म्हणून काल त्यात मोबाईलची सिस्टीम टाकली आणि माझ्या वडिलांच्या, आबांच्याच जुन्या मोबाईल खात्यातून चालू केली. ते जाऊन वर्ष झालं, पण त्यांचे सगळे फोटो आले. आज दुपारपासून लॅपटॉप आपोआप त्यांचा एकच फोटो उघडून राहिला. मी बंद करते, तो उघडतो. भुताटकी म्हणावं, तर इतकं शिकून काय उपयोग?

मग दिसलं. खालच्या कोपऱ्यात, नेमका त्या फोटोच्या छोट्या चौकटीवर, ओल्या कुंकवाचा ठिपका. ओल लागली की स्क्रीनला बोटच वाटतं. माझं मलाच हसू आलं. नवी वस्तू आली की आबा आधी तिला कुंकू लावायचे. जीपला, फोनला, मिक्सरलासुद्धा. आता आईनं लावलं असणार. ठिपका पुसला, फोटो उघडायचा थांबला.

चहा घेताना आईला विचारलं, "स्क्रीनला ओलं कुंकू काहून लावलंस?"

तिनं कप खाली ठेवला. "तुझे आबा गेल्यापासून मी कुंकवाच्या करंड्याला हात लावला न्हाई, बाई."

घरात आम्ही दोघीच. आणि मी पुसला तेव्हा, इतक्या वेळानंही, ठिपका ओलाच होता.