वाराची भाकरी

६ जाने. ५९, परंडा
आबा एकदा म्हणाले होते, "फुकट कुणाचं खाऊ नकोस, आणि फुकट केलेलं कुणाला सांगू नकोस." माहेरची, माझ्या लग्नाआधीची गोष्ट. आज दिवसभर तेच कानात.
कचेरीतून कागद आला. निराधार विधवा म्हणून मिळणारी मदत बंद. कारण: 'कामावर आहे.'
मी? कामावर? तीनदा वाचलं.

७ जाने.
कचेरीत गेले. कारकून ह्यांच्या हाताखाली शिकलेला, अजून वहिनी म्हणतो.
"बायांचा वर्ग चालवता न्हवं?"
"हो. पण पगार नाही, स्वखुशीनं..."
"पगार न्हाय, पर जेवन हाय. हे बघा."
त्यानं पुढं केलेल्या अर्जावरचं अक्षर माझ्या वर्गातल्या गंगूबाईचं. काना अजून वाकडाच. खाली अकरा सह्या. दिवाळीपर्यंत ह्या साऱ्याजणी अंगठा उठवत होत्या! माझं कौतुक व्हावं म्हणून साहेबांना परस्पर धाडलेला, त्यांचा पहिलावहिला अर्ज. 'बाई रोज दुपारी शिकवतात. आम्ही त्यांना वार लावून जेवू घालतो.'
खरंच आहे. सोमवारी हिच्याकडं, मंगळवारी तिच्याकडं, गरीब विद्यार्थ्याला लावतात तसे वार. मी नको म्हणत होते. गंगूबाई ऐकेल तर! "मास्तरनीला उपाशी ठिवून अक्षर येत न्हाय, बाई."
कचेरीनं त्या भाकरीचा पगार केला.
"तुमीच शिकवलं, त्यांनी लिवलं, साहेबांनी वाचलं. आता मी काय करू, वहिनी?" मग हळूच, "वर्ग बंद केला म्हनून लिहून द्या. मदत सुरू हुईल."
घरी कशी आले, आठवत नाही.

९ जाने.
गंगूबाईला सांगितलं. तोंडावर पदर धरून मटकन बसली.
"अगं आई! आमच्याच हातानं?"
मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आता पुन्यांदा लिवायचं न्हाय. अंगठाच बरा व्हता."
कचेरीतल्या कागदानंसुद्धा एवढी हादरले नव्हते.

१२ जाने.
खोलीचं भाडं मदतीतूनच जाई. घरमालकानं आज विचारलंच.
कागद घेऊन बसले. 'वर्ग बंद' एवढंच लिहिलं आणि फाडला.
दुसरा लिहिला. 'वर्ग चालू आहे, राहील. वाराची भाकरी आजपासून बंद. मदत चालू ठेवावी.'
पण भाकरी घालणाऱ्यांनी लिहिलं तरच कुणी मानेल. उद्या गंगूबाईच्या दारात जाणार. म्हणणार, एवढं एक तुझ्या अक्षरात उतरवून दे, बाई. आधी लिहायला नाहीच म्हणेल ती; तरी दारातून उठणार नाही.