ढोलाच्या थांब्यात घातलेलं नाव

आसुकेसे,
मंगळवार, १३ मे १९८६

गुरुवर्य ओबिरी सरांस सादर प्रणाम.

आपली प्रकृती ठीक असावी. इथे याम कंदाचं पीक बरं आहे आणि माझे दात अद्याप माझेच आहेत.

आमच्या लहानपणी आमचा इतिहास गोऱ्यांच्या गलबतातून उतरत असे. राजांची नावं सांगणारे ढोलाचे बोलही प्रमाण आहेत, हे आपण सिद्ध केलंत. आपला ग्रंथ आता शाळाशाळांत आहे. आमच्या पंचांनीही तो शिरोधार्य मानला आहे. दोन घराण्यांतल्या राजासनाच्या वादात पुरावा एकच, आपला ग्रंथ. त्यात आमच्या मातृकुळातला ब्रेम्पोमा सहावा राजा म्हणून नोंदला आहे, त्यामुळे आईकडून चालणाऱ्या वारशाने आसन माझ्या भाच्याला मिळायचं घाटतंय. बहिणीने राज्यारोहणाच्या बळीसाठी मेंढा आणून बांधलासुद्धा.

सर, ते नाव ढोलात नव्हतं.

पदच्युत राजाचं नाव आमच्यात घेत नाहीत, हे आपण जाणताच. आपल्या ग्रंथासाठी राजांची नावं वाजवताना त्या जागी म्हाताऱ्या वादकाने काठ्या नुसत्या हवेत धरल्या होत्या. मी तेव्हा आपल्या हाताखालचा बावीस वर्षांचा टिपणकार. मला ओळ रिकामी सोडवेना. ब्रेम्पोमा राजा होता असं आजी म्हणायची. आज्या म्हणतातच. मी लिहून टाकलं.

रविवारी वादकाच्या मुलाला वाजवायला लावलं. तो तिथे थांबला की ढोलच साक्ष देईल आणि मी सुटलो, असा हिशेब. तो थांबला नाही. ब्रेम्पोमाचं नाव खणखणीत वाजलं.

"हे कुठे शिकलास?"

"बाबांकडून, काका. आणखी कुठून?"

"तुझे बाबा इथे थांबायचे."

"दमत असतील. सरांच्या पुस्तकात आहे की नाव. वाचत नाही वाटतं तुम्ही?"

तेव्हापासून हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. अक्षर गोड मानून घ्यावं.

उद्या पंच मला ग्रंथाचा टिपणकार म्हणून आसनासमोर शपथ घालतील. काल भाच्याचे दोन मित्र माझ्या ओट्यावर कोयत्यांना धार लावत बसले होते. मला पाहून फारच आदराने उठले. पण त्यांच्यापेक्षा मला आपलं भय वाटतं. खरं बोललो तर 'ऐकीव तो इतिहास कसला' म्हणणारे विद्वान आपल्या आयुष्यभराच्या कामाला हसतील. गप्प राहिलो तर पिढ्यान्‌पिढ्या आसन राखणारं दुसरं घराणं त्यावरून उठवलं जाईल, तेही आपल्या नावाने.

मी खरं सांगणार आहे. माझ्या धैर्याचा मला भरवसा नाही, म्हणून हे पत्र आत्ताच्या लॉरीने धाडतो. सकाळी ते आपल्या हाती असेल. मग मला मागे फिरता येणार नाही.

आपण म्हणू द्याल तोवर आपला शिष्य,
याव सेरेबो