हरणानं पापणी ओढली

वडूज, ऑगस्ट १९७५

तीर्थरूप आईस,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते. मी बरी आहे. बालवाडीतली मुलं आता रडत नाहीत. त्यांच्या हात धुण्याच्या पाण्यावर आम्ही माठ आणि राजगिरा लावलाय. माळावर तेवढंच हिरवं दिसतं.

काल मुलांनीच पाला खुडून निवडला आणि मी भाजी केली. पण कुणी तोंड लावेना. मेंढरामागं फिरणाऱ्या घरातली हरणा म्हणाली, "बाई, ह्ये तर शेरडं खात्यात!"

मी म्हटलं, "म्हणून तर ती एवढ्या उड्या मारतात." मग पातेलं पुसून खाल्लं गं सगळ्यांनी.

मी रोज त्यांच्या पापण्या खाली ओढून बघते. आत लाल दिसलं की अंगात रक्त आहे, असं त्यांना सांगते. काल जेवणं झाल्यावर हरणानं माझीच पापणी ओढली.

"बाई, तुमचं लय पांढरं हाय. तुमी कवा जेवता?"

एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो, एवढंच. तू लगेच मनाला लावून घेऊ नकोस.

आज ती घरून माझ्यासाठी भाकरी घेऊन आली. माठ स्वतः खुडला, माझ्याकडून शिजवून घेतला, आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत समोरून हलली नाही.

आबांचा खोकला कसा आहे? वहिनीचे दिवस भरत आलेत, तिला पालेभाजी खाऊ घाल.

आत्ता चुलीवर आमटी उतू जायला आलीय, म्हणून इथंच थांबते.

तुझी,
शालू