गच्चीवरचं ऊन

प्रिय विनिता,

फोनवर तू नुसतं हो हो म्हणतेस, मागे नातू रडायला लागतो आणि माझं बोलायचं राहून जातं. म्हणून कागद घेऊन बसलोय. हसू नकोस.

आधी घरची खबर. लाइट अजून तशीच लहरी आहे. वारा जरा जोरात सुटला की आपल्या अख्ख्या कोळीवाड्यात अंधार, आणि खाडीपलीकडे मालाडचे टॉवर झगमगत असतात. पण आपलं घर आता कोणाच्या भरवशावर नाही. सोलरवर दिवे लागतात, पंखाही थोडाफार चालतो, मोबाइल चार्ज होतो. दुपारी ऊन आहे तोवर मिक्सरवर खोबरं वाटून घेतो आणि संध्याकाळी बॅटरी पुरवून वापरतो. माठातलं पाणी तुझ्या लेकीच्या फ्रिजपेक्षा गोड लागतं. सगळं झकास आहे आणि मला चैन नाही.

तू बोरिवलीला जान्हवीच्या बाळंतपणाला गेलीस, बाळानं मान धरली की येते म्हणालीस. आता ते घरभर पळतंय. कधीही विचारलं की तुझं एकच उत्तर, लाइटीशिवाय आता मला जमत नाही रे. मी ते खरं धरलं. धरायचं नव्हतं का?

पॅनल बसवणारा म्हणाला, दिवसभर ऊन असतं ती जागा दाखवा. मी त्याला सरळ गच्चीवर नेलं. तशी जागा आपल्या घरात एकच. पॅनल लागल्यावर रविवारी तू आलीस, मी ऐटीत पंखा लावून दाखवला. तू वर जाऊन आलीस, चहा प्यायलीस, छान केलंस म्हणालीस आणि पिशवी उचललीस. पिशवीत तुझी घरात नेसायची साडी होती, मी पाहिली. म्हणजे तू राहायला आली होतीस. मग गेलीस का गं?

नातवाची ओढ म्हणावी, तर साडी कशाला आणलीस? माझा राग म्हणावा, तर छान का म्हणालीस? विचार करून डोकं शिणलं. शेवटी शेजारच्या सगुणाला विचारलं. ती मासळी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिचं ऊन घेतलंस तू."

लग्न होऊन आलीस तेव्हा आईनं तुला जवळा सुकवायला ती जागा दिली होती. तिथं मी चपला घालून गेलो की तू अंगावर यायचीस. त्या जवळ्याच्या धंद्यात मी कधी नाक खुपसलं नाही. पण मला वाटलं, तू तिकडं, गच्ची रिकामी. रिकामीच होती ना? की तू ती ठेवली होतीस?

पॅनल आता मागच्या पत्र्यावर नेलंय. तिथं माडाची सावली येते. दिवे लागतात, पंखा मात्र मधेच मान टाकतो. तू मागितलीस ती लाइट कमी झाली आणि कधी मागितलं नाहीस ते ऊन मोकळं झालं. बरोबर केलं की आणखी घोळ घातला, मला खरंच कळत नाही. तुझ्याशिवाय घर खायला उठतं, एवढं मात्र कळतं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. होड्यांना जवळा भरपूर लागतोय आणि सगुणाला सुकवायला जागा पुरत नाही. ती आपली गच्ची मागतेय. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नाही आणि हो म्हणायला तोंड उघडत नाही. मी गच्ची धुऊन ठेवलीय. जागा तुझी आहे, तिला काय सांगू?

तुझाच गोंधळलेला,
तुळशीदास